कंपायलरने सांगितलेलं नाव

ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या महापेच्या ऑफिसात एक नवा बोर्ड आला. त्यावरच्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे छोट्या संगणक-चिपला, जीसीसी हा सगळीकडे चालणारा मोफत कंपायलर (लिहिलेल्या कोडचा प्रोग्रॅम बनवणारं साधन) चालणार नव्हता, चिप बनवणाऱ्यांचा स्वतःचा कंपायलर होता. आमचा बाकीचा सगळा कारभार सीमेकवर, म्हणजे कुठल्या मशिनसाठी कोड कसा बांधायचा ते कंपायलरला सांगणाऱ्या साधनावर. विंडोजवर सिम्युलेटर, लिनक्सवर टेस्ट आणि बोर्डावर खरा कोड, तिन्हींचं बिल्ड एकाच ठिकाणाहून निघतं. "हा कंपायलर बसवायला दोन दिवस पुरतील," असं मी सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलून बसले. ते दोन दिवस अजून चालू आहेत.

मधल्या काळात त्या कंपायलरचा सपोर्ट मी सीमेकच्या मूळ सोर्समध्ये घातला, माझ्याच चुकीने तो मोडला, दुरुस्त केला, आणि आता तो सांभाळते. सुरुवातीला कुठून काय करायचं हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं, म्हणून हे क्रमाने लिहितेय. तारखा डायरीतून घेतल्यात. कंपायलरचं आणि दोन्ही कंपन्यांची नावं मात्र मुद्दाम टाळलीत.

तर, सीमेकला तो कंपायलर दाखवल्यावर पहिल्याच ओळीत उत्तर आलं की हा ग्नू आहे, म्हणजे जीसीसी. मग जीसीसी समजून त्याला जीसीसीचेच फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायच्या सूचना, दिले गेले. हेडर (अनेक फाइलींनी मिळून वापरायची फाइल) बदलला की कुठल्या फाइली पुन्हा कंपाइल करायच्या याची यादी काढणारे फ्लॅग या बाबाच्या गावीही नव्हते. पहिल्याच फाइलला अडला.

यात सीमेकची चूक नव्हती, कंपायलरच खोटं बोलत होता. ते कसं, हे समजायला मला दोन रात्री लागल्या. प्रत्येक कंपायलरला आवृत्ती विचारायची पद्धत निराळी असते, म्हणून सीमेक त्या भानगडीत पडत नाही. ते एक छोटी सी फाइल त्याच्याकडून कंपाइल करून घेतं. त्या फाइलीत 'अमुक मॅक्रो असेल तर हे नाव, तमुक असेल तर ते नाव' अशी लांबलचक साखळी असते. मॅक्रो म्हणजे प्रत्येक कंपायलर आपल्यासोबत आणतो ती ठरावीक नावं. जे जुळेल ते नाव एका ठरावीक खुणेला जोडून, चौकटी कंसात, स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची ओळ म्हणून ठेवलेलं असतं. तयार झालेली बायनरी, म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्रॅम, सीमेक चालवत नाही. चालवणार कुठे? ती बोर्डासाठी बनलीय, माझ्या लॅपटॉपवर चालणारच नाही. ते फक्त बायनरी उघडून आतली खूण शोधतं आणि कंसातलं नाव वाचतं. ही स्ट्रिंग कोणी वापरत नाही म्हणून ऑप्टिमायझरने, म्हणजे कंपायलरच्या बिनकामाचा कोड गाळणाऱ्या भागाने, फेकून देऊ नये, यासाठी मेन फंक्शनमध्ये तिचं एक अक्षर वापरल्याचं नाटक केलेलं असतं. कुठलं अक्षर, ते प्रोग्रॅमला चालवताना किती आर्ग्युमेंट (सोबत दिलेले शब्द) मिळाली त्यावर, म्हणजे कंपायलरला आधी अंदाज बांधायला वावच नाही. ज्याने हे लिहिलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

साखळीत क्रमाला फार महत्त्व आहे. जीसीसीसाठी लिहिलेले हेडर आपल्याकडेही चालावेत म्हणून बरेच कंपायलर जीसीसीचे मॅक्रो स्वतःच्या अंगावर चढवतात. क्लँग हा दुसरा नावाजलेला कंपायलर आजही त्या मॅक्रोंमधून आपण जीसीसी ४.२.१ आहोत असंच सांगतो. त्यामुळे सोंग घेणाऱ्यांची चौकशी आधी आणि खऱ्या जीसीसीची शेवटाकडे. आमच्या कंपायलरचं नावच यादीत नव्हतं, तो घरंगळत खाली जायचा आणि जीसीसीपाशी थांबायचा.

तुमच्याकडे असं झालं तर बिल्ड फोल्डरमधल्या सीमेकफाइल्समध्ये जा. तिथे आवृत्तीच्या आकड्याचा एक फोल्डर असतो, त्याच्या आत कंपायलर-आयडी-सी नावाचा. ती सी फाइल आणि बायनरी दोन्ही तिथे पडलेली असतात. बायनरीवर स्ट्रिंग्ज ही आतली वाचता येणारी अक्षरं दाखवणारी कमांड चालवली की कंपायलरने काय कबुली दिली ते डोळ्यांनी दिसतं. मी हे आधी केलं असतं तर दोनातली एक रात्र वाचली असती.

पुढचे काही आठवडे आम्ही जुगाडावर काढले. टूलचेन फाइलीत, म्हणजे कुठला कंपायलर वापरायचा ते सीमेकला सांगणाऱ्या फाइलीत, 'हा अमुक कंपायलर आहे, तपासू नकोस' अशी सक्ती करून टाकायची. चालायचं, पण सी प्लस प्लस १७ (त्या भाषेचा २०१७ चा स्टँडर्ड) मागितलं की सीमेक हात वर करायचं, कारण या कंपायलरला कुठला स्टँडर्ड कुठल्या फ्लॅगने द्यायचा याची त्याला माहितीच नव्हती. पाच प्रोजेक्टांत पाच जणांचे पाच जुगाड झाले, तेव्हा ५ ऑक्टोबरला मी साहेबांना म्हटलं, हे मूळ सीमेकमध्येच घालू या. साहेब म्हणाले, "घाल, पण लीगलला विचारून."

सीमेक बीएसडी लायसन्सचं, म्हणजे कोणीही वापरावं आणि बदलावं अशा मोकळ्या परवान्याचं आहे, न्यूयॉर्क राज्यातली किटवेअर कंपनी ते सांभाळते, आणि बदल त्यांच्या गिटलॅबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, मर्ज रिक्वेस्ट ('हा बदल सामावून घ्या' अशी विनंती) म्हणून पाठवायचे असतात. कोणीही पाठवू शकतं. अडचण माझ्या नेमणूकपत्रात होती. नोकरीत असताना लिहिलेलं सगळं कंपनीचं, मग ते रविवारी घरी बसून लिहिलेलं का असेना. तुमच्याही पत्रात हे कलम बहुतेक असेल, एकदा काढून बघा.

९ ऑक्टोबरला मेल केली, २७ नोव्हेंबरला पत्र हातात पडलं. एकोणपन्नास दिवस, त्यात दिवाळी. फॉर्म दोनदा परत आला. एकदा लायसन्सची प्रत नव्हती म्हणून, एकदा 'ग्राहकाचं नाव' हा रकाना रिकामा होता म्हणून. तिसऱ्यांदा लीगलच्या मॅडमनी खालच्या मजल्यावर बोलावून घेतलं.

"तुम्ही हे त्यांना फुकट देताय?"

"हो मॅडम."

"मग ते आपल्याला काय देणार?"

"ते सांभाळतील. आपल्याला पाच ठिकाणी ठिगळं लावावी लागणार नाहीत."

त्या थोडा वेळ फॉर्मकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ग्राहकाच्या जागी 'लागू नाही' लिहा. रिकामं ठेवलं की सिस्टिम घेत नाही."

ज्यांना हे करायचंय त्यांनी लायसन्सची प्रत, कुठल्या फाइली बदलणार त्यांची यादी आणि 'यात आपल्या उत्पादनाचा कोड नाही' हे एक वाक्य पहिल्याच मेलला जोडावं. आणि परवानगी एका बदलापुरती मागू नये. माझ्या पत्रात 'सदर एका योगदानापुरती' असे शब्द होते. मी ते वाचलेसुद्धा, आणि खूश होऊन फाइल केले.

प्रत्यक्ष कोड म्हणाल तर सव्वाशे ओळींचा, नाताळच्या सुट्टीत घरी बसून झाला. कुठल्या मॅक्रोवरून ओळखायचं ती एक फाइल, सी आणि सी प्लस प्लसची एकेक, दोन्हींना सामाईक अशी एक, आणि यादीत जीसीसीच्या वर एक ओळ. सगळ्यात जास्त वेळ नाव ठरवण्यात गेला. एकदा दिलेला आयडी बदलता येत नाही, कारण लोक आपापल्या प्रोजेक्टमध्ये 'कंपायलर अमुक असेल तर' असं लिहून ठेवतात. अ‍ॅपलच्या क्लँगचं उदाहरण घ्या. आधी सीमेक त्यालाही क्लँगच म्हणायचं, पण अ‍ॅपलचे आवृत्तीचे आकडे मूळ क्लँगशी जुळत नाहीत. २०१४ मध्ये ३.० आवृत्तीत त्याला अ‍ॅपलक्लँग हे वेगळं नाव मिळालं, पण जुने प्रोजेक्ट मोडू नयेत म्हणून जुनं वागणं एका पॉलिसीखाली शिल्लक ठेवावं लागलं. ते काढून टाकायला ४.० आवृत्ती, म्हणजे मार्च २०२५ उजाडला. एका नावाची अकरा वर्षं! मी कंपनीचं नाव घ्यावं की कंपायलरचं, यावर तीन संध्याकाळी घालवल्या त्या मला फुकट गेल्यासारख्या वाटत नाहीत.

६ जानेवारी २०२४, शनिवार. मर्ज रिक्वेस्ट टाकली. छातीत धडधडत होतं, खोटं कशाला बोला. पंधरा वर्षं प्रोग्रॅमिंग करतेय, पण जगातला कोणीही उघडून वाचेल अशा जागी आपलं लिखाण ठेवायची सवय नव्हती. पहिलं उत्तर माणसाचं नव्हतं, रोबोचं होतं. कमिटची, म्हणजे बदलाच्या नोंदीची, पहिली ओळ लांब झालीय. हसू आलं आणि धडधड थांबली.

मग माणसं आली. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसातला तिथे सकाळचे नऊ. आठवडाभरात माझी लय बसली. ऑफिस सुटलं की ट्रान्स हार्बरची ठाणे लोकल, घरी चहा, आणि साडेसातच्या आत दुरुस्ती पाठवून द्यायची. त्यांच्या सकाळच्या चहाला ती समोर असली तर उत्तर त्याच रात्री मिळतं. मी एकदा रात्री अकराला पाठवलं तर पुढच्या दिवशी रात्रीच उत्तर आलं.

पाच फेऱ्या झाल्या. ओळख पटवणं आणि फ्लॅग हे दोन वेगळे कमिट करा. मदतीच्या पानांवरच्या कंपायलरांच्या यादीत नाव घाला. रिलीज नोटची छोटी फाइल जोडा. एकदा मी दुसऱ्या कंपायलरच्या फाइलीतून चार ओळी जशाच्या तशा उचलल्या होत्या, त्यावर एवढंच विचारलं गेलं की यांची इथे गरज आहे का. नव्हती. सूर कुठेच टोचणारा नव्हता, पण एकही ओळ न बघता सुटली नाही. २९ जानेवारीला मर्ज झालं. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पगार वाढला का?"

खरा प्रश्न रिव्ह्यूच्या मधेच कुठेतरी आला होता: हे रोज तपासणार कोण? त्यांच्या मशिनांवर हा कंपायलर नाही. सीमेकची रीत अशी की ज्याला एखाद्या कंपायलरची काळजी आहे त्याने आपल्या मशिनवर रोज रात्री ताजा कोड घेऊन टेस्ट चालवाव्यात आणि निकाल सीडॅश या टेस्टचे निकाल दाखवणाऱ्या साइटच्या फलकावर पाठवावा. मी हो म्हटलं. हो म्हणताना हा प्रकार किती दिवसांचा आहे याचा विचार केला नव्हता.

ऑफिसचं मशिन बाहेर निकाल पाठवू शकत नाही, त्याचा फॉर्म मागायचंही धाडस झालं नाही. लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला मिनी पीसी आणला, ११,५०० रुपये. यूपीएस ४,२०० चा. पंचवीस वॉट धरले तर महिन्याला साधारण १८ युनिट. नौपाड्यातल्या आमच्या घरात तो ठेवायला जागा एकच उरली होती, टीव्हीच्या कपाटाखाली. "अगं, हे रात्रभर काय घरघरतंय?" हा प्रश्न पहिल्या आठवड्यात रोज. मुळात 'रात्री' हा शब्दच फसवा निघाला. नाइटलीची, म्हणजे या रोजच्या टेस्टच्या फेरीची, वेळ जागतिक घड्याळाने रात्री एकची, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहा. मुलाचा डबा भरायची आणि टेस्ट सुरू व्हायची वेळ एकच. पंखा घोंगावला की साडेसहा वाजले हे घरात आता सगळ्यांना कळतं.

कंपायलरचं लायसन्स ऑफिसच्या मशिनपुरतं होतं. घरी चालवायला वेगळं हवं, म्हणून चिपवाल्यांना लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं आणि चांगलं आलं: ओपन सोर्स टेस्टिंगसाठी एका वर्षाचं फुकट लायसन्स, २५ मार्चपासून. असं लिहायला लाजू नका. विचारण्याआधी मी मात्र चार दिवस मसुदाच घोळवत बसले होते.

पहिले काही दिवस फलकावर लाल. कधी जागा संपली, कधी पाथमध्ये, म्हणजे फाइलीच्या पत्त्यात, स्पेस. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, ८ एप्रिलला, पहिल्यांदा सगळी ओळ हिरवी झाली. जूनच्या पहिल्या पावसात वीज गेली, यूपीएस अर्धा तास तग धरून झोपला, आणि वीज आल्यावर मशिन उठलंच नाही. बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग असते. ती पहिल्या दिवशीच लावा.

त्यानंतर तीन महिने रोज हिरवं. मी फलक बघणंही सोडलं होतं.

८ सप्टेंबरला दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो, आरतीचं ताट घासून ठेवलं आणि फोन बघितला. परदेशातल्या कोणीतरी तक्रार नोंदवली होती. चिपवाल्यांनी कंपायलरची ३.१० आवृत्ती काढली होती, आणि ती घेतल्यापासून सी प्लस प्लस १७ चालत नाही, सीमेक म्हणतं हे या कंपायलरला माहीतच नाही. खाली त्यांनी छापून आलेली आवृत्ती चिकटवली होती. ३.०:.२.

मधला तो कोलन बघून माझ्या पोटात गोळा आला. कारण तो कुठून आला ते मला लगेच कळलं.

कंपायलर आपली आवृत्ती एका सोळाच्या पायातल्या आकड्यात भरून देतो. मुख्य, उप आणि दुरुस्ती, प्रत्येकाला दोन जागा. सीमेकच्या त्या छोट्या फाइलीत आकड्याची अक्षरं करायला दोन मॅक्रो आहेत, एक दशमान आणि एक सोळाच्या पायाचा. मॅन्युअलमध्ये आकडा सोळाच्या पायात छापलेला दिसला म्हणून मी सरळ दुसरा उचलला. तो प्रत्येक अंक घेतो आणि शून्याच्या अक्षरात मिळवतो. शून्य अधिक आठ, आठ. शून्य अधिक नऊ, नऊ. शून्य अधिक दहा? सोळाच्या पायात दहा हा 'ए' असा लिहितात, पण आस्कीच्या, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात नऊच्या पुढे ए नसतो, कोलन असतो. मी लिहिलं तेव्हा कंपायलर ३.८ होता, मग ३.९ आला, आणि सगळं सुरळीत दिसत राहिलं. दहा आला आणि माझं पितळ उघडं पडलं. आवृत्त्यांची तुलना करताना सीमेक कोलनपाशी थांबलं, ३.० वाचलं, आणि ३.० ला सी प्लस प्लस १७ येत नाही असं मीच त्याला लिहून दिलं होतं.

आणि माझं टीव्हीखालचं मशिन? त्यावर ३.८ च होता. ते इमानदारीने रोज सकाळी हिरवं सांगत होतं.

दुरुस्ती दोन ओळींची. रात्री बारापर्यंत करून, ३.१० उतरवून, तपासूनही झाली. पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते पत्र आठवलं. सदर एका योगदानापुरती.

दोन ओळींसाठी पुन्हा फॉर्म. मी तक्रारीखाली एवढंच लिहिलं की चूक माझी आहे, कारण सापडलंय, तोवर ३.९ वर राहा, दुरुस्ती पाठवायला मला थोडे दिवस लागतील. ते का लागतील हे लिहिलं नाही, लाज वाटली. ९ तारखेला सकाळी मॅडमच्या टेबलासमोर. या वेळी 'ग्राहक' मध्ये 'लागू नाही' आधीच भरलं होतं. आणि विषय असा लिहिला: सदर प्रकल्पातील या कंपायलरच्या सपोर्टची सातत्याने देखभाल, मुदत नोकरी असेपर्यंत. मॅडम म्हणाल्या, "देखभाल असेल तर बरंय, आपल्या लिफ्टसारखं." अकरा दिवसांनी, २० सप्टेंबरला, सही झाली. त्याच संध्याकाळी साडेसातच्या आत पाठवलं. पुढच्या दुरुस्ती-आवृत्तीत ते लोकांपर्यंत पोचलं. तक्रार करणाऱ्याने एका शब्दात आभार मानले. अकरा दिवसांबद्दल तो काही बोलला नाही.

तेव्हापासून मशिनवर तीन आवृत्त्या ठेवते: सगळ्यात जुनी, ऑफिसातली आणि सगळ्यात नवी. नाइटली चाळीस मिनिटांऐवजी दोन तास चालते. आणि आवृत्तीची स्ट्रिंग फक्त आकडे आणि टिंबं यांचीच आहे ना, हे तपासणारी टेस्ट माझ्या स्क्रिप्टमध्ये सर्वात वर आहे.

मार्च २०२५ मध्ये आम्ही गुहागरला असताना फुकटच्या लायसन्सचं वर्ष संपलं आणि सहा दिवस फलक लाल राहिला. आता नूतनीकरणाची आठवण कॅलेंडरमध्ये ३० दिवस आधी लावलीय, कारण उत्तर यायला तीन आठवडे लागतात हे मला माहीत होतं, तरी मी लावली नव्हती.

मागच्या आठवड्यात चिपवाल्यांची मेल आली. पुढची आवृत्ती एलएलव्हीएमवर, म्हणजे क्लँग ज्यावर उभा आहे त्याच पायावर, बांधलेली असेल, चाचणी प्रत सोबत आहे. इंटेलनेही आपला कंपायलर असाच हलवला तेव्हा सीमेकमध्ये ३.२० आवृत्तीत, २०२१ साली, त्याला नवा वेगळा आयडी मिळाला होता. रविवारी प्रत उतरवली, ती छोटी सी फाइल कंपाइल केली आणि बायनरीवर स्ट्रिंग्ज चालवली. आत आमचं जुनंच नाव आलं. आतून पूर्ण क्लँग झालाय, क्लँगचे मॅक्रोही आहेत, पण जुना कोड चालावा म्हणून स्वतःचा जुना मॅक्रोही ठेवलाय. माझी ओळ यादीत क्लँगच्या वर असल्यामुळे तीच आधी लागते, आणि सीमेक त्याला असे फ्लॅग देतं जे या नव्याला कळत नाहीत. पहिल्याच फाइलला अडला.

नव्या आयडीसाठी डायरीत तीन नावं लिहून ठेवलीत. काल संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती तिन्ही नावं किटवेअरवाल्यांना विचारायला पाठवली. मॅडमकडे जावं लागलं नाही.